शोभेचा गियर

१

सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेल्या पाण्यात फडकं भिजवून मी गाडी पुसायचे. हे काम मूळचं माझ्या सासऱ्यांचं, अण्णांचं. ते गेल्यावर गाडीवर धूळ बसलेली मला बघवेना, म्हणून मी फडकं हातात घेतलं आणि मग ते काम माझंच झालं. आधी टप, मग काचा, मग दार उघडून स्टिअरिंग, आणि सगळ्यात शेवटी गियरचा दांडा.

आमची फियाट माझ्या लग्नाच्याही आधीची. जुन्या फियाटला गियर खाली नसतो, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला दांडा असतो, तोच वर-खाली करायचा. अण्णांच्या तळहाताने त्या दांड्याची मूठ गुळगुळीत झाली होती. पण आता तो नुसता शोभेचा होता. गाडीत दुसरं इंजिन आणि दुसरा गियरबॉक्स बसवला होता, त्याचा नवा गियर दोन सीटच्या मध्ये, पत्रा कापून खालून वर काढलेला. जुना दांडा कशालाच जोडलेला नव्हता. तरी पुसून झालं की मी तो मधोमध, न्यूट्रलमध्ये ठेवायचे. गरज नव्हती, पण घरातली सगळी भांडी जागेवर ठेवायची सवय असली की असं होतं.

एका सकाळी दार उघडलं तर दांडा पहिल्या गियरमध्ये होता.

हँडब्रेकवर अण्णांचा विश्वास नव्हता. गाडी उभी केली की पहिल्या गियरमध्ये टाकून उतरायचे. मला वाटलं, ह्यांनी केलं असेल. बापाची सवय मुलाच्या हातात येते. मी दांडा पुसला, मधोमध ठेवला आणि पोळ्या करायला गेले.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्यात होता.

२

हे म्हणजे माझे यजमान, अनिल. वीज मंडळातून गेल्या वर्षी रिटायर झाले. आमची एकुलती मुलगी ऋता. तिचं लग्न इंदूरच्या सौरभशी ठरलं, तेव्हाच ह्यांनी बंद पडलेली गाडी दुरुस्तीला काढली. अण्णा नेहमी म्हणायचे, "माझ्या नातीची बिदाई याच गाडीतून होईल." अण्णा गेले आणि त्यानंतर गाडीचं इंजिनही गेलं. ब्लॉकला तडा. त्याचे पार्ट आता कुठे मिळणार?

उज्जैनच्या माधव नगरमध्ये आमच्या घरापासून जवळच माणिक मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने हे जमवून आणलं. इंजिन एका व्हॅनचं, गियरबॉक्स एका जीपचा. दोघांची भोकं एकमेकांना जुळेनात, म्हणून लेथवर जाड प्लेट करून मध्ये घातली. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड केला. मी चहा घेऊन गेले की माणिक हसायचा.

"भाभीजी, लड़का वैन का, लड़की जीप की, और ससुराल फियाट का. शादी बेमेल है, पर निभ जाएगी."

"आणि हा वरचा दांडा?" मी विचारलं होतं.

"निकाल दूँ तो वहाँ छेद रह जाएगा. साहब बोले, रहने दो, बाबूजी का हाथ लगा है. तो रहने दिया. शो के लिए."

आता तो शोभेचा दांडा रोज सकाळी पहिल्या गियरमध्ये सापडायला लागला. मला ह्यांचाच संशय आला. रिटायर झालेला माणूस, मुलगी सासरी जाणार, वडील गेलेले. मला न सांगता शेडमध्ये जाऊन गाडीत बसत असतील, दांडा हातात धरून रडतही असतील. पुरुषांना रडायला आडोसा लागतो.

जेवताना मी सरळ विचारलं. "अहो, तुम्ही गाडीत जाऊन बसता का?"

"मी कशाला बसू?" ते जरा चिडलेच. मग आमटी ओढून घेत म्हणाले, "गाडी पहिल्यांदा चालली ना, त्या दिवशी राम घाटावर गेलो होतो. गाडी लांब उभी केली, घाटापर्यंत आता कुठे जाऊ देतात? पायी गेलो. अण्णांना सांगून आलो."

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, अण्णा, गाडी तयार झालीये. आता लग्नाला सगळ्यांना घेऊन या."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

"अगं, बोललो आपलं. सगळ्यांना." मी त्यांना आणखी भात वाढला.

पण ते मला आवडलं नव्हतं. घाटावर श्राद्ध करणारे गुरुजीसुद्धा नाव आणि गोत्र घेतल्याशिवाय कोणाला हाक मारत नाहीत. तिथे आपलेच असतात असं थोडंच आहे?

३

लग्नाची साडी आणायला आम्ही दोघं गाडी घेऊन निघालो. मी पुढे, ह्यांच्या डाव्या बाजूला. गाडी छान चालत होती. नवं इंजिन जरा व्हॅनसारखं गुणगुणायचं, पण जुन्यापेक्षा दमदार. देवास रोडला सपाट, मोकळा रस्ता लागला. ह्यांनी खालचा गियर चौथ्यात टाकला आणि हात काढून घेतला.

तेव्हा वरचा दांडा हलला.

थरथरला नाही. थरथर मला कळते, आमच्या मिक्सरचं भांडं थरथरतं. हा सावकाश खाली आला, थांबला, मग वर गेला. गर्दीत गाडी हळू झाली की अण्णा करायचे तसा. पुढे गर्दी नव्हती, एक म्हैससुद्धा नव्हती.

"अहो, दांडा बघा."

"ढिला झालाय." ह्यांनी मानही वळवली नाही.

परत येताना मी गॅरेजसमोर गाडी थांबवायला लावली. माणिकने बॉनेट उघडून बॅटरीचा उजेड टाकून दाखवलं. दांड्याच्या खालच्या सळया मुळातून कापलेल्या, टोकं घासून गोल केलेली. त्यांच्यापुढे हातभर मोकळी जागा.

"देखो भाभीजी, किसी से मिला ही नहीं है. हवा में है. अकेला है बेचारा, तो नाच लेता है."

"मग बांधून टाका."

त्याने तार घेऊन दांडा स्टिअरिंगच्या नळीला पिळून बांधला. चांगले घट्ट चार वेढे दिले. मला बरं वाटलं.

सकाळी ती तार सीटवर होती. तुटलेली नव्हती. एकेक पीळ उलटा सोडवून सरळ केलेली, विणकामाची सुई ठेवावी तशी. आणि दांडा पहिल्यात.

मी तार हातात घेऊन घरात गेले. "ही तुम्ही काढलीत?"

पेपरमागून हे म्हणाले, "हो, काढली. लग्नाच्या गाडीला तार बरी दिसते का?"

मला हुश्श वाटायला हवं होतं. पण त्यांनी पेपर खाली केला नाही. तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं, हे खोटं बोलतात तेव्हा पेपर वाचतात. मला घाबरवायचं नाही म्हणून खोटं, की आणखी काही, ते मात्र कळेना.

४

दुपारी हे पत्रिका छापायला टाकायला गेले, ऋता पार्लरमध्ये. मी शेडमध्ये गेले आणि गाडीत माझ्या जागेवर जाऊन बसले. किल्ली माझ्या कमरेला होती. इंजिन बंद, दारं बंद. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पत्र्यावर कबुतरं चालत होती. मी भाजी निवडायला घेऊन आले होते, म्हणजे कोणी पाहिलंच तर सांगता येईल की इथे निवांत वाटतं.

अर्धी मेथी निवडून झाली असेल. टक असा आवाज झाला.

दांडा पहिल्यातून निघाला, मधोमध आला आणि सगळ्यांच्या पलीकडे, रिव्हर्सच्या जागेवर गेला. आमची गाडी भिंतीकडे तोंड करून उभी असते. गल्लीत काढायची तर रिव्हर्सच घ्यावा लागतो.

मग पहिला. दुसरा. तिसरा.

मला गाडी चालवता येत नाही. पण दर सोमवारी अण्णा राम घाटावर जायचे आणि सासूबाई गेल्यावर त्यांच्या शेजारी मी बसायचे. कितीतरी वर्षं. पोथी न वाचता पाठ असते, तसा तो रस्ता मला गियरवरून पाठ आहे. फ्रीगंजच्या पुलाचा चढ, तिथे दुसरा. दांडा दुसऱ्यात आला. पूल उतरून देवास गेट, तिसरा. कंठाळची गर्दी, दुसरा, पहिला, दुसरा. गोपाळ मंदिरापाशी थांबणं. हरसिद्धीच्या देवळावरून पुढे घाटाचा उतार. तिथे अण्णा ब्रेक दाबायचे नाहीत, दुसऱ्या गियरवर गाडी धरून उतरवायचे.

दांडा दुसऱ्यात गेला आणि धरून राहिला. तिकडे आता चारचाकी जाऊ देत नाहीत. अर्धा रस्ता तर खोदून ठेवलाय.

मग न्यूट्रल. बराच वेळ काही नाही. माझ्या मांडीवर मेथी तशीच. मी मनाशी म्हटलं, मीना, पत्रा उन्हाने तापलाय, सळया पसरतात, धातूला असं होतं.

दांडा पुन्हा निघाला. परतीचा रस्ता. हरसिद्धी, गोपाळ मंदिर, कंठाळ, देवास गेट, आणि पूल.

पुलावर तो दुसऱ्यात आला. अडखळला. आणि पहिल्यात गेला.

पुलावर अण्णा पहिला गियर कधीच घ्यायचे नाहीत. फक्त ग्वाल्हेरचे आमचे नातेवाईक यायचे तेव्हा. मागे पाचजण कोंबलेले, मांडीवर मुलं, आणि गाडी चढ चढायची नाही तेव्हा.

जाताना गाडी रिकामी होती. येताना भरलेली होती.

५

त्यानंतर मी गाडीची मागची बाजू बघायला लागले. मडगार्ड आणि टायरच्या मधल्या फटीत माझा हात आडवा घातला तर आधी चार बोटं सहज जायची. मग तीन जायला लागली. मग दोन.

ह्यांना सांगितलं. त्यांनी माणिकला बोलावलं. माणिक उकिडवा बसला, मागे बघितलं, पुढे बघितलं.

"पुराना इंजन भारी था, ये हल्का है. तो आगे से गाड़ी उठ गई, पीछे बैठी हुई लगती है. बस, इतनी सी बात."

"पण ती रोज आणखी बसतेय."

"भाभीजी, स्प्रिंग भी तो बाबूजी की उमर के हैं." तो हसला. पण उठताना त्याने मागच्या सीटवर एक नजर टाकली आणि हसू आवरलं. "शादी के बाद ले आना, स्प्रिंग के पत्ते बदल दूँगा." पैसेही न घेता गेला.

रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. दांडा, पूल, पहिला गियर, बोटं. ते ऐकत होते. मला वाटलं हसतील.

"मुलगी जाणार म्हणून तुझं मन सैरभैर झालंय," ते हळूच म्हणाले.

"ऋताला त्या गाडीतून पाठवायचं नाही."

"अण्णांचा शब्द आहे, मीना."

"अण्णांनी शब्द दिला तेव्हा गाडीत फक्त अण्णा होते."

ते उठून हात धुवायला गेले. नळ नको तितका वेळ चालू होता.

६

लग्नाची पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला ठेवायची, ही आमच्या उज्जैनची रीत. हे म्हणाले, गाडीनेच जाऊ. मी आढेवेढे घेतले, पण देवाला जाताना किती वाद घालणार? ऋता माझ्याआधी मागचं दार उघडून बसलीसुद्धा. मी पुढे बसले आणि दांड्यावर हात ठेवून दिला. मुठीत धरून ठेवला. तो माझ्या हातात हलला नाही. पण मूठ गरम होती, नुकताच कोणी हात काढून घ्यावा तशी.

चिंतामणच्या वाटेवर शेतं लागली. ऋता नेहमी बडबड करते. आज मागून आवाज नाही, म्हणून मी वळून बघितलं.

मागची सीट केवढी मोठी, आणि ऋता एका टोकाला, दाराला चिकटून बसली होती. गुडघे जुळवलेले, पर्स मांडीवर, खांदा आक्रसून घेतलेला. भरलेल्या टेम्पोत बायका बसतात तशी.

"ऋता, अशी का बसलीस?"

"कशी?"

"अंग चोरून. नीट ऐसपैस बस ना."

"अगं, जागा कुठे—" ती म्हणाली आणि थांबली. डावीकडे बघितलं. रिकाम्या सीटवर फक्त पत्रिकेचं पाकीट होतं. ती हसली, पण तिचं हसू मला ओळखू आलं नाही. "काय माहीत. बसले अशीच."

आणि तरीही ती सरकली नाही. देऊळ येईपर्यंत तशीच बसून राहिली.

७

मी ह्यांना विचारलं नाही. सौरभला फोन केला.

"काकू, काही प्रॉब्लेम आहे का?"

"बिदाईला तुमची गाडी पुढे लावा. आमची जुनी आहे, इंदूरपर्यंत नको."

"पण काका तर म्हणत होते—"

"त्यांचं मी बघते."

ऋताला सांगायला गेले तेव्हा ती वाद घालेल असं वाटलं होतं. बाबांची लाडकी ती. पण ती बांगड्या मोजून डब्यात ठेवत नुसती "बरं" म्हणाली. तिने कारण विचारलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

लग्न जुन्या गावात, कंठाळजवळच्या कार्यालयात झालं. देवक बसलं, अक्षता पडल्या, सगळं नीट पार पडलं. चार वाजता बिदाई. ह्यांनी पहाटेपासून फियाट झेंडूच्या माळांनी सजवली होती. चाकाखाली ठेवायला नारळ घेऊन ते गाडीपाशी उभे होते. सौरभची पांढरी गाडी पुढे आली आणि ऋता तिच्यात बसली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग ते पुढे गेले आणि तोच नारळ पांढऱ्या गाडीच्या चाकाखाली ठेवला. नारळ फुटला. ऋताने मागे अक्षता टाकल्या, मी पदरात झेलल्या. गाडी इंदूरच्या दिशेने वळली आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. माझी मुलगी त्या सीटवर नव्हती. मला तेवढंच हवं होतं.

पाहुणे बसने गेले. हे एकटेच फियाटमध्ये जाऊन बसले होते, समोर बघत. अशा माणसाला एकटं कसं सोडायचं? मी पुढचं दार उघडून बसले.

माझी नणंद सुमन पिशव्या घेऊन धावत आली. "दादा, थांब रे, मलाही सोड." तिने मागचं दार उघडलं. एक पाय आत टाकला. काढून घेतला.

"नको," ती म्हणाली. "मी ऑटोने येते. तुमच्याकडे जागा कुठे आहे."

दार लावून गेलीसुद्धा. मागे सीटवर झेंडूची एक माळ पडली होती. बाकी काही नाही.

८

गाडी जड चालत होती. देवास गेटपर्यंत मी दांड्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. पुलाचा चढ आला. ह्यांनी खालचा गियर दुसऱ्यात टाकला. इंजिन गुरगुरलं, गाडी दमली.

"चढत का नाहीये?" ते पुटपुटले आणि पहिला घेतला.

त्याच क्षणी वर टक झालं. वरचा दांडाही पहिल्यात गेला होता. इतके दिवस तो आमच्या रस्त्यावर नव्हता, त्याचा रस्ता वेगळा होता. आज दोन्ही गियर एकत्र, एकाच पुलावर, घराकडे चालले होते.

तेव्हा मला कळलं, की मी भलत्याच गोष्टीला भीत होते. मागे बसलेल्यांना ऋताशी काही घेणं नव्हतं. ह्यांनी घाटावर त्यांना लग्नघरी, म्हणजे आमच्या घरी, बोलावलं होतं.

शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून गाडी उभी राहिली. हे उतरले, किल्ली घेऊन दाराकडे गेले. वरचा दांडा पहिल्यातच होता.

मग मागची बाजू हलली. कोणी उतरलं की जुनी गाडी हलते तशी, आणि जरा वर आली. पुन्हा हलली, पुन्हा वर आली. दाराचा आवाज नाही, पावलांचा नाही. नुसते स्प्रिंग कुरकुरत होते. मी मोजत होते, आणि मग मोजणं सोडून दिलं. आमच्या घरातली गेलेली माणसं इतकी नाहीत.

आरशात बघायचं नव्हतं, पण नजर गेली. मागच्या काचेला लावलेली झेंडूची माळ बाजूला सरली, वाकून उतरणाऱ्या माणसाच्या डोक्याने सरावी तशी. आणि जागेवर आली.

ह्यांनी घराचं दार उघडलं. पण आत गेले नाहीत. दाराला पाठ टेकून, एक हात आत दाखवत, बाजूला उभे राहिले. पाहुणे आले की यजमान उभा राहतो तसे. बराच वेळ.

"मीना, ये ना," त्यांनी हाक मारली. "किती वेळ दार धरून उभा राहू?"

मग हे आत गेले. दिवा लागला. बैठकीच्या खिडकीत मला ते एकटे, पाठमोरे उभे दिसत होते. आणि पलीकडे, माझ्या स्वयंपाकघरात, कोणीतरी फडताळातून पेले काढत होतं. एक, मग आणखी एक, पाहुण्यांना पाणी द्यायला काढावेत तसे.

माझा हात गाडीच्या कडीवर होता. उतरायचं, तर त्या घरात जायचं.

समोर टक झालं. दांडा पहिल्यातून निघाला. मधोमध आला, क्षणभर थांबला, आणि सावकाश पलीकडे, रिव्हर्समध्ये गेला. घाटावर अजून लोक राहिले होते.

मी अजून उतरले नव्हते.